गोदाआक्कांचा हात

माझ्या बायकोच्या गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला एक सोन्याची मूर्त आहे. बोटाच्या पेराएवढी. तिच्यावर जिचा चेहरा उठवला आहे ती बाई जिवंत आहे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ज्या दोघांना ठाऊक होतं ती दोघंही आता नाहीत. आणि जिला एका शब्दानं सांगायला हवं होतं, तिच्यासमोर मी कितीतरी वेळा बसलो, चहा प्यालो आणि उठून आलो.

ती म्हणजे माझी बायको नव्हे. बायकोचा गुन्हेगार मी आहेच, त्याचं पुढं येईल. मी म्हणतोय गोदाआक्कांबद्दल. ती मूर्त त्यांनी घडवली.

ही चाल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पहिली बायको वारली आणि माणसानं दुसरं लग्न केलं, तर दुसरीनं पहिलीची मूर्त गळ्यात घालायची. सोन्याच्या पातळ पत्र्यावर चेहरा उठवायचा, मागून लाख भरायची, वर कडी लावायची. सणाला आधी तिला हळदकुंकू, मग स्वतःला. नवी साडी आणली तर घडी मोडायच्या आधी तिला दाखवायची. गेलेलीचा जीव संसारात घुटमळतो, तिची जागा तिला दिली की ती नीट राहते, असा समज. वाडवडलांचे चांदीचे टाक करून देव्हाऱ्यात ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. आता हे सगळं गेलं असं लोक म्हणतात. गुजरीत, म्हणजे आमच्याकडच्या सराफ बाजारात, माझं चांदीच्या देवांचं दुकान आहे. म्हणतात तितकं काही गेलेलं नाही.

पण हातानं टाक आणि मूर्ती उठवणारं माणूस माझ्या माहितीत एकच उरलं होतं. शिवाजी पेठेत एका तालमीच्या मागच्या अंगाला रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या खाली एक खोली होती. खिडकी रस्त्याच्या पातळीला, त्यामुळे आत बसलं की बाहेरच्यांचे फक्त पाय दिसायचे. मी पहिल्यांदा ऑर्डर घेऊन गेलो तेव्हा दार वाजवायच्या आधीच आतून आवाज आला, "गुजरीतनं आलाईस न्हवं? ये. चपला तेवढ्या आत घे, कुत्रं न्हेतंय."

मी विचारलं, गुजरीतून आलो हे कसं कळलं? म्हणाल्या, "दिसभर गादीवर बसून ऱ्हाणाऱ्याचं पाय हाईत. पांढरं."

अशा होत्या. बुटक्या, मनगटानं जाड, चष्म्याच्या काडीला काळा दोरा बांधलेला. उजव्या अंगठ्याचं नख वर्षानुवर्षं छिन्नीखाली दबून चपटं आणि पिवळट झालेलं, चांगलं रुपयाएवढं रुंद. आवाज असा की पलीकडच्या गल्लीतल्या बाईला कुकरची शिट्टी काढायला सांगत असाव्यात. पेठेच्या फुटबॉल टीमवर जीव. मॅच असली की काम बंद. मोबाईलवर कॉमेंट्री लावून बसायच्या आणि समोरच्या टीमच्या गोलकीपरला अशा शिव्या द्यायच्या की त्याच्या आजीला थडग्यात उचकी लागावी. मॅच हरलो तर दुसऱ्या दिवशी जाण्यात अर्थ नसे. "आज मेल्याली मानसंसुदिक तोंड वर करनात," म्हणायच्या, आणि ऑर्डर परत घेऊन जायला सांगायच्या.

नवरा या धंद्यातला होता पण त्याचा हात दारूनं थरथरायचा. म्हणून सासऱ्यानं छिन्नी सुनेच्या हातात दिली. भावकी म्हणाली, बाईमाणसानं मेलेल्यांची तोंडं उठवायची नसतात. सासरा म्हणाला, मूर्ती तर बायकांच्याच करायच्या आहेत, बाई बाईला सांगेल. हे सांगून आक्का थांबायच्या, आणि पुढं म्हणायच्या, "आन् सांगत्यात की."

काय सांगतात, हे मी कधी विचारलं नाही. विचारणं माझ्या स्वभावात नाही.

त्यांची कामाची पद्धत मात्र सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. शेगडीवर राळ पातळ करायची, लाकडी ठोकळ्यावर ओतायची, आणि ती घट्ट व्हायच्या आत पत्रा तिच्यावर बसवायचा. पत्र्याची दर्शनी बाजू खाली, राळेत. मग पाठीमागून छिन्नीनं ठोकत जायचं. नाक उठवायचं तर मागून खड्डा पाडायचा, गाल उठवायचा तर मागून हलकी थाप. म्हणजे करणाऱ्याला चेहरा दिसतच नाही. तो काळोखात, राळेत तोंड खुपसून तयार होत असतो. "मानूस भाईरनं दिसतं आरविंदा, पर उठतं आतनं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काम चालू असताना त्या खाली बघून पुटपुटत असायच्या, "झालं गं बाई, झालं. गुदमरू नगंस." जेवायला उठायची वेळ झाली तर पत्रा राळेतून सोडवून, उताणा करून ठेवूनच उठायच्या. कुणाचं तोंड खाली ठेवून त्यांनी कधी घास खाल्ला नाही.

आणि त्या डोळ्यांनी नव्हे, कानांनी काम करायच्या. पत्रा राळेवर नीट बसला की हातोडीचा आवाज बद्द येतो, ओल्या मातीवर काठी मारल्यासारखा. खाली कुठं हवा राहिली तर पत्रा वाजतो. मग तो काढून पुन्हा बसवायचा. हे कुठलाही कारागीर सांगेल. आक्का एवढंच जास्तीचं सांगायच्या की गेलेलं माणूस वाजत नाही.

फोटो त्या बघत नसत. कुणी पुढं केला तर उलटा करून ठेवायच्या. "फोटूत मानूस फोटूवाल्याकडं बघतंय. त्यात त्येचं सोताचं काय न्हाई." त्याऐवजी तीन प्रश्न विचारायच्या. रागावली की काय करायची? हाक कशी मारायची? आणि एकटीच असली की काय करायची? तिसऱ्या प्रश्नाला सगळे पुरुष गप्प बसायचे. मी एकदा म्हटलं, आक्का, ते कुणाला माहीत असणार? म्हणाल्या, "कुनाला नसतंयच. पर इचारायचं. आपल्याला ठावं न्हाई, एवढं तरी कळू दे की गड्याला."

शिरोळकडचं एक जोडपं आठवतं. पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा बाईनं गळ्यातली मूर्त घाईत काढून ट्रंकेत टाकली होती, ती ट्रंकेसकट वाहून गेली. ऊस पुन्हा उभा राहिला, घराला रंग झाला, पण बाईला झोप लागेना म्हणून ती दुसरी करून घ्यायला आली होती. माणूस सत्तरीचा, टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेला. ही त्याची दुसरी बायको. पहिलीला तिनं कधी पाहिलेलंही नव्हतं. ती जाऊन वर्ष झाल्यावर ही लग्न होऊन घरात आली.

आक्कांनी विचारलं, "पावणं, पयली रागावली की काय करायची?"

तो टोपीकडं बघत राहिला. शेजारून बाई म्हणाली, "भांडी आपटत न्हाई ती. गप ऱ्हाती. त्या दिवशी आमटीत मीठ जास्त पडतंय."

म्हाताऱ्यानं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. "तुला कुनी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? तीस वरसं गळ्यात हाय माझ्या."

खिडकीतून दोन पाय गेले, एक सायकल गेली. म्हातारा हळूच म्हणाला, "मीठ जास्त पडायचं. खरं हाय." आणि आपल्या बायकोपासून, आपल्या नकळत, वीतभर बाजूला सरकला. आक्का मात्र नेहमीसारख्याच होत्या. "बरं झालं," म्हणाल्या, "आता तिसरं तूच सांग बाई. ह्येला न्हाई यायचं."

मशीनच्या टाकांबद्दल त्यांचं मत एका ओळीत होतं. एकदा मी ठशानं दाबलेला एक टाक नमुना म्हणून नेला होता. पागोटं, मिशा, सगळं चकचकीत. आक्कांनी तो नखावर ठेवून फिरवला. "ह्यो कुनाचा बा?"

"कुणाचाही चालतो आक्का. तसाच धंदा आहे त्याचा."

"कुनाचाबी म्हंजे कुनाचाच न्हवं," म्हणाल्या आणि माझ्या पिशवीत परत टाकला.

त्यांचा एक नियम होता, आणि तो मला चांगला माहीत होता. राजारामपुरीतली एक डॉक्टरीणबाई माझ्या ओळखीनं त्यांच्याकडं आली होती. चांगली बाई. हातानं केलेल्या दागिन्यांची तिला आवड; आजीचा नव्वदावा वाढदिवस होता, तर आजीच्या चेहऱ्याचं चांदीचं पदक करून नातवंडांनी गळ्यात घालायचं, असं तिनं ठरवलं होतं. आक्का पहिल्यांदा खूष झाल्या. चहा ठेवला. मग विचारलं, "म्हातारी जाऊन किती दिस झालं?"

"अहो, आजी आहे! घरी आहे. सरप्राईज आहे तिला."

आक्कांनी गॅस बंद केला. चहा उकळलेलाही नव्हता. "जित्या मानसाचं तोंड मी राळेत घालत न्हाई. ऊठ बाई. आन् घरी जाऊन म्हातारीच्या तोंडावरनं मीठ-मोहऱ्या उतरून टाक."

डॉक्टरीणबाई माझ्यावर रागावून गेली. ती गेल्यावर आक्कांनी मला कारण सांगितलं. त्यांच्या सासऱ्यानं एकदा असा टाक केला होता. एक गडी कामाला म्हणून मुलुख सोडून गेला, पाच वर्षं पत्र नाही, माणूस नाही. घरच्यांनी मेला म्हणून दिवस घातले आणि टाक करून घेतला. ठोकताना पत्रा वाजत होता. सासऱ्यानं राळेला दोष दिला, पुन्हा बसवला, पुन्हा वाजला, तरी काम पुरं केलं. सहा महिन्यांनी गडी दारात येऊन उभा. आईनं भाकरतुकडा ओवाळला, सगळं केलं, पण तो देव्हाऱ्यापाशी गेला, आपलं तोंड तिथं हळदकुंकवात बसलेलं पाहिलं आणि तसाच माघारी फिरला. टाक मोडला, नदीत सोडला. तरी तो कधी घरात जेवायला बसला नाही. मळ्यातल्या खोपटात राहायचा. घरात जेवताना म्हणे त्याला ताट वाढायचं कुणाच्या ध्यानातच राहायचं नाही. मुद्दाम नव्हे. नुसतं राहून जायचं.

"ईस वरसं जगला," आक्का म्हणाल्या. "पर जगला म्हनायचं का, ह्ये मामंजींनी मला शेवटपतूर इचारलं."

हे सगळं ऐकलेला माणूस मी.

आता माझं. सुनंदा माझी पहिली बायको. तीन वर्षं आमचा संसार झाला. आई तिला टोचून बोलायची आणि मी पेपर वाचायचो. मारहाण नाही, व्यसन नाही, दुसरं काही नाही. मी बोललो नाही, एवढंच. एके दिवशी ती बॅग घेऊन माहेरी गेली. जाताना म्हणाली, "तुम्ही भांडला असता तरी चाललं असतं." पुढं रीतसर सोडचिठ्ठी झाली.

दुसरं स्थळ मामानं आणलं, गडहिंग्लजकडचं. बायको नांदली नाही म्हटलं की मुलात खोट शोधतात, म्हणून मामानं तिथं सांगितलं की पहिली तापानं वारली. मला हे सुपारी फुटल्यावर कळलं. आई म्हणाली, आता तोंड उघडू नकोस. तोंड न उघडणं मला जमण्यासारखं होतं. मग त्या मुलीच्या, रोहिणीच्या, आईचा निरोप आला. भाबडी बाई, लेकीच्या काळजीनं झुरणारी. तिचं म्हणणं, पहिलीची मूर्त गळ्यात असल्याशिवाय मुलीला मांडवात उभी करणार नाही. आणि मूर्त मशीनची नको, पेठेतल्या त्या बाईच्या हातची हवी.

मी मामाला म्हणालो, मशीनची आणून तीच आक्कांची म्हणून देतो. मामा म्हणाला, मुलीकडचे आक्कांना ओळखतात, विचारतील. तेव्हा मी दुपारी दुकान बंद केलं आणि पेठेत गेलो.

पाय बघूनच आक्कांनी ओळखलं असावं की आज हा ऑर्डर घेऊन आलेला नाही. "कोन गेलं रं?"

"सुनंदा," मी म्हणालो. "माहेरी. तापानं."

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात राळेच्या वासाचा होता. बराच वेळ तसाच ठेवला. माझी आई तसं कधी करत नसे.

मग तीन प्रश्न. रागावली की काय करायची? म्हटलं, केस विंचरायची, खसाखसा, तुटेपर्यंत. हाक कशी मारायची? म्हटलं, हाक मारायचीच नाही, जवळ येऊन उभी राहायची. एकटी असली की काय करायची? तिथं मी थांबेन असं त्यांना वाटलं असणार. पण मला ते माहीत होतं. मी म्हणालो, "बोलायची. मी दुकानातून आलो की दाराबाहेर उभा राहून ऐकायचो. आज हे झालं, ते झालं, असं माझ्याशी बोलल्यासारखं एकटीच बोलायची. मी आत गेलो की गप्प व्हायची."

आक्का माझ्याकडं बघत राहिल्या. "इतक्या वरसांत तिसऱ्याला उत्तर देनारा तू पयला गडी," म्हणाल्या, आणि चष्मा काढून पदरानं पुसला. त्या क्षणी त्यांचा माझ्यावर विश्वास बसला. खोट्याला मी खरं लावलं होतं, त्याच्यावर बसला.

तिसऱ्या दिवशी मला दुकानात फोन. "ये जरा."

गेलो. पत्रा राळेवर होता. आक्कांनी हातोडी उचलली आणि हलकेच मारली. पत्रा वाजला. स्पष्ट, पातळ, देवघरातली लहान घंटी लांबून ऐकावी तसा.

"तीनदा बशिवला," त्या म्हणाल्या. "राळ बदलली. पत्रा बदलला. डाव्या डोळ्यापाशी तर फाटला, झाळून जोडून घेतलाय." त्यांचा आवाज त्या दिवशी लहान होता. त्यांना मी इतक्या हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "आरविंदा. तू मातीला गेलतास?"

खिडकीतून कुणाचे तरी पाय आले आणि तिथंच थांबले. बाईचे पाय, साधी चप्पल. मी त्या पायांकडं बघत म्हणालो, "व्हय. गेलो होतो."

"तुज्या डोळ्यानं बगितलंस?"

"बघितलं."

पाय निघून गेले. आक्का मान खाली घालून बसल्या. मग म्हणाल्या, "मग माझ्या कानालाच कायतरी झालं आसंल." आणि काम पुढं सुरू केलं. मी बसून होतो. प्रत्येक ठोक्याला तो बारीक आवाज येत होता, आणि प्रत्येक आवाजाला त्यांच्या तोंडावर काहीतरी बदलत होतं. एरवी त्या पुटपुटायच्या, गुदमरू नकोस वगैरे. त्या दिवशी एक शब्द बोलल्या नाहीत.

चेहरा पुरा झाला की शेवटी समोरच्या बाजूनं डोळे उघडायचे, बारीक टोच्यानं. आणि घरच्या माणसानं तेव्हा गेलेलीचं नाव तीनदा घ्यायचं, ही रीत. मी घेतलं. सुनंदा, सुनंदा, सुनंदा. तीन वर्षांच्या संसारात मी तिला इतक्यांदा नावानं हाक मारली नसेन.

मूर्त हुबेहूब होती. त्या बाईनं सुनंदाला कधी पाहिलेलं नव्हतं. ओठ अगदी किंचित उघडे होते, बोलता बोलता कुणीतरी दारात आल्यासारखे.

लग्न झालं. महिनाभरानं मी दुसऱ्या कुणाची ऑर्डर घेऊन पेठेत गेलो, तर शेगडी विझलेली, छिन्न्या धुऊन एका जुन्या पटक्यात गुंडाळून फळीवर ठेवलेल्या.

"बंद केलं," आक्का म्हणाल्या.

"का?"

"हात खोटं सांगाय लागला माझा. मेल्यालं आन् जितं कळंना झालंय त्येला." त्यांनी उजवा हात समोर धरला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा उलटसुलट करून पाहिला. "मामंजींनी पत्र्याचं ऐकलं न्हाई तर तसं झालं. मी जलमभर ऐकलं. आन् आता त्योच फसवाय लागला तर उद्या कुना जित्याला गाडून बशीन मी. नगं रं बाबा."

त्यांचा सगळा जन्म त्या एका हातावर उभा होता. तो खरा होता. फसवलं होतं मी. एक वाक्य बोलायचं होतं. रोहिणीचं लग्न मोडलं नसतं, झालेलं होतं. आक्कांनी मला शिव्या घातल्या असत्या, हातोडी फेकून मारली असती, मूर्त मोडून टाक म्हणाल्या असत्या, आणि दुसऱ्या दिवशी शेगडी पेटवली असती. हे सगळं मला तिथं उभं असताना कळत होतं.

मी म्हणालो, "वय झालं आक्का. व्हायचंच."

त्यांनी हात खाली घेतला. "व्हय की," म्हणाल्या. "झालंच की वय."

त्यानंतर त्या बारा वर्षं जगल्या. लोकांनी हातापाया पडून पाहिलं, शिरोळची बाई तर तिची मूर्त पुन्हा उजळून घ्यायला आली होती, तिलाही परत पाठवलं. आक्का दुपारभर खोलीच्या पायरीवर बसून असायच्या. मॅच असली तरी शिव्या देईनात. पेठ जिंकली तर म्हणायच्या, "जिंकलं का? बरं झालं." बसल्या जागी उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर वाजत राहायची, ठोका धरल्यासारखी. मध्येच थांबायच्या, कान द्यायच्या आणि मान हलवायच्या.

मधल्या काळात मी सुनंदाला एकदा पाहिलं. जयसिंगपूरच्या एसटी स्टँडवर. तिच्याबरोबर एक मुलगी होती, आठनऊ वर्षांची असावी, आईसारखीच. सुनंदा तिच्याशी भरभरून बोलत होती आणि मधून मधून पदरानं डोळा पुसत होती. डावाच. त्यातून सारखं पाणी येत होतं. उन्हानं येतं. कुणाच्याही येतं. मी खांबाआड उभा राहिलो आणि माझी गाडी सोडली.

शेवटची भेट दिवाळीनंतरची. रोहिणी म्हणाली, तुम्ही नेहमी एकटेच जाता, यंदा मलाही आक्कांच्या पाया पडायचंय. आक्का पायरीवर उन्हात बसल्या होत्या. मोतीबिंदूनं नजर बरीच गेली होती. रोहिणी वाकली तशी मूर्त पदराबाहेर येऊन लोंबली, आणि आक्कांनी न बघता ती चिमटीत धरली. माशी धरावी तशी, अचूक. त्या चपट्या नखानं त्यांनी चेहऱ्यावरून रेघ ओढली, डाव्या डोळ्यावरच्या झाळलेल्या जागी थांबल्या. मग रोहिणीला तशीच वाकलेली ठेवून मूर्त कानापाशी नेली आणि नखानं हळूच टिचकी मारली.

मला काही ऐकू आलं नाही. मागून लाख भरलेली मूर्त. ती वाजत नाही.

आक्का म्हणाल्या, "अजून गरम हाय."

रोहिणी हसली. "सारखी अंगावर असते ना आक्का. कधी काढत नाही मी. काढली की घरात कुणीतरी बोलतंय असं वाटत राहतं."

"व्हय व्हय," आक्का म्हणाल्या. "अंगावरचीच ऊब आसंल." आणि त्यांनी ते पांढरे डोळे माझ्याकडं वळवले. रागानं नाही. हातातला पत्रा पुन्हा एकदा बसवून बघावा, यावेळी नीट बसेल, अशा आशेनं. वाट बघत होत्या त्या. रस्त्यावरून कुणी जात नव्हतं. रोहिणी वाकलेली होती, मूर्त आक्कांच्या चिमटीत होती, आणि आम्ही तिघंच होतो. किंवा चौघं.

मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, "चल रोहिणी, दुकान उघडायचंय."

आक्कांनी मूर्त सोडली. गल्लीच्या वळणावर मी मागं पाहिलं. त्या उन्हात तशाच बसल्या होत्या, उजवा हात डाव्या हातात घेऊन, जखमी पाखरू धरावं तसा.

पुढच्या महिन्यात त्या गेल्या. दिवस झाल्यावर त्यांचा पुतण्या माझ्या दुकानात आला. छिन्न्या त्यानं भंगारात घातल्या होत्या. म्हणाला, "काकूचा टाक पायजे देव्हाऱ्यासाठी. तुमच्याकडं असंल की तयार." मी खण उघडला. ठशानं दाबलेले सवाष्णींचे, विधवांचे, आजोबांचे, सगळे एका आकाराचे टाक. त्यातला एक मी पुडीत बांधून दिला. कुणाचाही.

हे लिहीपर्यंत रोहिणी दोनदा डोकावून गेली, कुणाला पत्र लिहिताय म्हणून विचारत. गळ्यात मूर्त होती. आज हे पान तिच्या हातात द्यायचं आहे, आणि मग मूर्त मोडायची की जयसिंगपूरला नेऊन जिची तिला द्यायची, हे त्या दोघी ठरवतील. तेवढं माझ्या हातून होईल असं वाटतं.

पण गोदाआक्कांचा हात शेवटपर्यंत खरा होता. पत्रा वाजला, कारण सुनंदा जिवंत होती. हे एक वाक्य मी त्यांचं देणं लागतो, आणि ते घ्यायला त्या आता नाहीत.